सरासरीचा चकवा : इंदापूरचा सारा आणि सुप्याचा उठाव

१/ उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा. तरीही इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. कालवे येण्यापूर्वी येथील जिरायत शेती पावसाच्या लहरीवर चाले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि या मुलखाचा सारा ठरवण्याचे काम कंपनी सरकारकडे आले.

२/ रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३०च्या सुमारास नवी आकारणी केली : खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे. मोजणीत चुका होत्याच. पण मूळ दोष सरासरीवर विसंबण्यात होता.

३/ त्यासाठी एक काल्पनिक कोडे पाहा. तीनपैकी दोन वर्षे पीक येते आणि एका वर्षाचा पाऊस दुसऱ्यावर अवलंबून नाही, असे समजा. सलग तीन वर्षे पीक येण्याची शक्यता किती? निम्म्याहून अधिक वाटते. उत्तर आहे २/३ × २/३ × २/३ = ८/२७; तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

४/ पहिले वर्ष साधले आहे, असे ठाऊक असले तरी? उरलेली दोन्ही साधण्याची शक्यता ४/९. तीही निम्म्याहून कमी! उलट, दोन वर्षे बुडाली म्हणून तिसरे साधण्याची शक्यता वाढत नाही. ती २/३ च राहते.

५/ सरासरी अनेक वर्षांची असते, साऱ्याची मागणी मात्र दरसालची. पीक बुडालेल्या वर्षी कुणब्यापुढे दोनच वाटा उरत : सावकार किंवा परागंदा होणे. इंदापुरात जमिनी ओस पडल्या.

६/ १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी फेरपाहणी केली. १८३६ मध्ये कमी दराचा, ३० वर्षांच्या मुदतीचा सारा इंदापुरात प्रथम लागू झाला. दर उतरले आणि लागवड वाढली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

७/ मुदत संपताच १८६०च्या दशकाअखेरीस दर चढले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याने कापसाचे भावही कोसळले होते. वाईट सालचे कर्ज फेडण्याइतके चांगले साल येईना.

८/ १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांवर चालून गेला. उठावाची कारणे अनेक होती. पण गावोगावी रोष मुख्यतः कर्जरोख्यांवर निघाला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. तोवर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ येऊन गेला होता.