मोठे अक्षर, लहान अक्षर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात रशियन, रोमन आणि नागरी अशा तीन लिप्यांची गाठ पडली. पहिल्या दोन लिप्यांत प्रत्येक अक्षर मोठे आणि लहान अशा दोन रूपांत येते. आपल्या नागरीत हा भेदच नाही.

त्याच भिलाईतील एखादा निवृत्त मराठी कामगार आज संगणकापुढे बसला आहे, अशी कल्पना करा. आपले वापरनाव तो रोमन लिपीत लिहितो. आरंभीचे अक्षर मोठे पडते आणि यंत्र उत्तर देते की, या नावाचा कोणी मनुष्य नाही. अक्षर तेच, उच्चार तोच. तरी माणूस आपल्याच नावाला परका ठरतो. हे असे का व्हावे?

प्राचीन रोमचे शिलालेख मोठ्या अक्षरांतच कोरलेले आहेत. आठव्या-नवव्या शतकांत युरोपातील लेखनिकांनी लहान अक्षरांना सुबक व स्थिर रूप दिले. पुढे मुद्रकांनी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहान अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवले, आणि त्या पेट्यांवरूनच इंग्रजीत या भेदाला नाव मिळाले. तारायंत्राने हे वैभव पुन्हा हिरावून घेतले. बोदो यांच्या पाच घटकांच्या संकेतात बत्तीसच जुळण्या होत. त्यांत दोन वर्णमाला मावणार कोठून?

१९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी ठरलेल्या संकेतातही प्रथम मोठीच अक्षरे होती. लहान अक्षरांना जागा मिळाली ती १९६७ च्या आवृत्तीत. मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७. डोळ्याला ही एकाच अक्षराची दोन रूपे. यंत्राच्या हिशेबी मात्र ते दोन निराळे अंक.

विद्युत्-टपालाच्या १९८२ च्या नियमांनी यावर मोठा सावध निवाडा दिला. पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरच्या नावात लहानमोठा भेद मानू नये. त्यापूर्वीचे नाव मात्र जसे लिहिले असेल तसेच पुढे न्यावे. कारण पलीकडच्या यंत्राची रीत अलीकडच्या यंत्राला ठाऊक नसते. २००८ च्या सुधारित नियमांनी हे कायम ठेवले, पण या भेदावर विसंबून पत्ते देऊ नयेत, असेही बजावले. आज बहुतेक टपालसेवा तो भेद मानीत नाहीत. वापरनावांच्या बाबतीत मात्र प्रत्येक यंत्रणेचा रिवाज निराळा.

परवलीच्या शब्दाची गोष्ट वेगळी. ते गुपित आहे, आणि गुपिताने कठोरच असावे. नावाने मात्र उदार असावे. नागरीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत आपण भेद करतो, कारण तो अर्थाचा भेद आहे. रोमन अक्षराचा मोठेपणा कानाला ऐकूही येत नाही. त्यावरून माणसाची ओळख नाकारणे न्याय्य नव्हे.

या नियमांतही एका नावाला पूर्ण सवलत आहे. ते कोणत्याही रूपात लिहिले तरी पत्र पोचलेच पाहिजे. ते नाव आहे ‘पोस्टमास्टर’. जी सवलत टपालाच्या अधिकाऱ्याला मिळाली, ती भिलाईच्या त्या निवृत्त कामगारालाही मिळावी, एवढेच मागणे आहे.