बापू नाडकर्णी : न दिलेल्या धावांचा हिशेब

श्रोतेहो, पेरणीच्या दिवसांत पाभर धरणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. तास वाकडा गेला तर सारा गाव नावे ठेवतो. सरळ गेला तर कोणी काही बोलत नाही. आज ज्या खेळाडूची हकीकत सांगणार आहे, त्याचे काम बरेचसे असेच होते.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजेच बापू नाडकर्णी, यांचा जन्म आपल्या नाशिकचा; ४ एप्रिल १९३३ चा. ते डाव्या हाताने संथ गोलंदाजी करीत. सराव करताना खेळपट्टीवर एक नाणे ठेवायचे आणि चेंडू नेमका त्यावर टाकायचा, अशी त्यांची रीत होती असे सांगतात. पहिला कसोटी सामना ते १९५५ साली दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध खेळले आणि ६८ धावा करून नाबाद राहिले.

पण त्यांचे नाव जगभर झाले ते जानेवारी १९६४ मध्ये, मद्रासला. समोर इंग्लंडचे बोलस आणि बॅरिंग्टन. बापूंनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली, म्हणजे त्या षटकांत एकही धाव दिली नाही. सलग १३१ चेंडू कोरडे गेले! डावाअखेरचा हिशेब असा : षटके ३२, निर्धाव २७, धावा ५, बळी शून्य.

आता कोणी विचारील, बळी शून्य, मग यात मोठेपणा तो काय? शंका रास्त आहे. फलंदाजही त्या दिवशी फार जपून खेळत होते आणि सामना अखेर अनिर्णितच राहिला. परंतु क्रिकेटमध्ये दोन्ही टोकांकडून गोलंदाजी होते. एका टोकाला धावा मिळेनाशा झाल्या की फलंदाज दुसऱ्या टोकाला धाडस करू पाहतो. त्याच डावात चंदू बोर्डे यांनी पाच गडी बाद केले. ते सारे बापूंमुळेच, असे मी म्हणणार नाही. पण वहीतल्या शून्याने सगळी गोष्ट कळत नाही, एवढे खरे.

बळी घेणे त्यांना जमत नव्हते, असेही नाही. त्याच वर्षी मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन डावांत मिळून त्यांनी ११ गडी बाद केले. फेब्रुवारीत कानपूरला भारताला लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला यावे लागले, तेव्हा नाबाद १२२ धावा काढून त्यांनी सामना वाचवण्यास हात दिला. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली; त्या दौऱ्यात वेलिंग्टनला त्यांनी एका डावात ४३ धावांत सहा बळी घेतले. तीच त्यांची शेवटची मालिका. एकूण ४१ कसोटी सामने, १,४१४ धावा, ८८ बळी. आणि दर षटकामागे दिलेल्या धावा सरासरी दोनाहूनही कमी.

१७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गुरुजनहो, शाळेच्या पटावर पास झालेल्या मुलांचा आकडा असतो. शाळा सोडून जाणारे जे मूल तुम्ही घरी जाऊन, आईबापांची समजूत घालून परत आणले, त्याचा रकाना कुठे असतो? उद्या वर्गात बापूंची गोष्ट सांगाल, तेव्हा फळ्यावर ते शून्य जरूर लिहा, आणि त्याच्या शेजारी ते २१ ही लिहा.