एकसारखेपणाची मोजपट्टी

१८६९ साली ब्रिटिश संसदेने बियाण्यांतील भेसळीविरुद्ध एक छोटासा कायदा केला. त्यात दोन कृत्यांच्या व्याख्या दिल्या आहेत : बी ‘मारणे’ आणि बी ‘रंगवणे’. रंगवणे समजते, जुने, निस्तेज बी ताजे दिसावे म्हणून त्यावर रंग चढवायचा. मारणे म्हणजे काय? तर महाग बियाण्यात त्याच्यासारखेच दिसणारे स्वस्त बी मिसळायचे. पण ते उगवले, तर शेतात भलतेच रोप दिसून चोरी उघडी पडणार. म्हणून मिसळण्याआधी ते तापवून निर्जीव करून टाकायचे. उगवलेच नाही, तर साक्ष देणार कोण? शेतकरी पावसाला, जमिनीला नाहीतर नशिबाला बोल लावून गप्प बसणार.

मी शेतकी पदवीधर नाही. इतिहासाचेही रीतसर शिक्षण घेतलेले नाही. जुने कायदे, राजपत्रे, समित्यांचे अहवाल वाचण्याचा नाद मात्र आहे. त्या वाचनात गेली काही वर्षे एकच प्रश्न माझ्या मागे लागला आहे : पिकाचे एखादे नवे वाण खरोखर ‘वाण’ आहे, हे सरकारी दप्तर कशावरून ठरवते? आज जगातल्या बहुतेक देशांत त्यासाठी तीन कसोट्या आहेत. वाण इतरांहून वेगळे हवे, त्याची सगळी रोपे एकसारखी हवीत आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे गुण स्थिर राहायला हवेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून या परीक्षेला ‘डीयूएस’ म्हणतात. तिन्हींत मधली कसोटी सर्वांत निरुपद्रवी वाटते. माझे म्हणणे असे की, खरा पेच तिच्यातच आहे. शेतकऱ्याला फसवणुकीपासून वाचवण्यासाठी जी मोजपट्टी तयार झाली, तीच पुढे शेतकऱ्याच्या हातचे वाण दाराबाहेर ठेवण्याचे कारण बनली. हे कोणाच्या दुष्ट हेतूने झाले नाही, पायरीपायरीने झाले. त्या पायऱ्या मोजण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिली पायरी त्याच १८६९ सालची. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात थारांट या गावी फ्रीडरिश नोबे या शास्त्रज्ञाने बियाणे तपासण्याचे केंद्र सुरू केले; ते जगातले पहिले मानले जाते. १८७६ साली त्याने बीजशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे प्रश्न साधे होते : शंभर बियांतल्या किती उगवतात, आणि त्यात तण, माती, परके बी किती? या तपासणीने मेलेले बी पकडले जाऊ लागले. पण तिला एक मर्यादा होती. पिशवीतले बी कोबीचे आहे, हे ती सांगू शकत होती; कोणत्या कोबीचे, हे नाही. ते कळायला बी पेरून, रोप वाढवून पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

दुसरी पायरी बटाट्याची. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात बटाट्यावर चामखिळीसारख्या गाठी आणणारा एक बुरशीजन्य रोग पसरला. काही वाणे त्याला अजिबात बळी पडत नाहीत, असे लक्षात आल्यावर रोगट जमिनीत अशीच वाणे लावण्याची सक्ती झाली. आता ‘हा बटाटा कोणता?’ हा प्रश्न बाजाराचा उरला नाही, कायद्याचा झाला. आणि तिथे गोंधळ उघडा पडला. एकच बटाटा डझनावारी नावांनी विकला जात होता. ‘अप-टू-डेट’ नावाचे लोकप्रिय वाण अशा नव्या बारशांसाठी प्रसिद्धच होते : जुनाच बटाटा, नवे नाव, चढा भाव.

१९१९ साली केंब्रिजला राष्ट्रीय कृषिवनस्पती संस्था स्थापन झाली. तिच्यातर्फे लँकेशायरमधील ऑर्म्सकर्क येथे बटाट्यांच्या चाचण्या होत आणि नावांचा गुंता सोडवण्यासाठी रेडक्लिफ सॅलमन यांच्या अध्यक्षतेखाली समिती काम करत होती. बटाट्याचा सामाजिक इतिहास लिहिणारे ते हेच सॅलमन. रोपे शेजारी शेजारी लावायची आणि पानाची ठेवण, फुलाचा रंग, डोळ्याची खोली, उजेडात फुटलेल्या कोंबाचा रंग असे एकेक लक्षण टिपायचे. आजच्या वेगळेपणाच्या परीक्षेचे हे मूळ रूप. त्यात कोणाचे नुकसान होते? फक्त बारसे करणाऱ्या व्यापाऱ्याचे. शेतकऱ्याचा फायदाच होता.

पण वेगळेपणा टिपायचा, तर शेतातले प्रत्येक रोप एकच साक्ष देणारे हवे. दहा रोपे दहा तऱ्हांची असतील, तर तुलना कशाची कशाशी करणार? इथे विज्ञानाने एक संकल्पना पुरवली. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन याने १९०३ साली घेवड्याच्या बियांवरचे आपले प्रयोग मांडले. घेवडा स्वपरागित, एका दाण्यापासून वाढवलेल्या वंशात मोठे दाणे निवडा की लहान, पुढच्या पिढीच्या सरासरीत फरक पडत नाही, असे त्याने दाखवले. अशा वंशाला त्याने ‘शुद्ध वंश’ म्हटले. शेतकऱ्याचे पारंपरिक वाण म्हणजे अशा अनेक वंशांचे मिश्रण, हे त्यातून स्पष्ट झाले. ते शास्त्रीय वर्णन होते. मात्र शास्त्रातला ‘शुद्ध’ शब्द दप्तरात शिरला की त्याच्यासोबत ‘अशुद्ध’ही शिरतो. ज्या मिश्रणाच्या जोरावर दुष्काळात निम्मे शेत तरी हाती लागायचे, तेच मिश्रण आता दोष म्हणून नोंदले जाऊ लागले.

तिसरी पायरी मालकीची. १९५७ साली फ्रान्सच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये परिषद भरली आणि २ डिसेंबर १९६१ रोजी नव्या वाणांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या संघटनेला ‘युपोव्ह’ म्हणतात. तिचे मुख्यालय जिनिव्हाला आहे. करार १९६८ साली अमलात आला. वाण तयार करणाऱ्याला त्याच्या बियाण्यावर ठरावीक मुदतीचा हक्क मिळाला. हक्क द्यायचा तर वस्तूची हद्द आखावी लागते, आणि ती आखण्यासाठी वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थैर्य या कसोट्या हाताशी होत्याच. मूळ करारात वाण ‘पुरेसे’ एकजिनसी असावे, अशी अट होती. मला हा ‘पुरेसे’ शब्द फार महत्त्वाचा वाटतो. किती म्हणजे पुरेसे, हे निसर्ग सांगत नाही. माणसे बसून ठरवतात.

ते कसे ठरते, याचे एक उदाहरण. स्वपरागित पिकासाठी हजारी एक हे प्रमाण धरले, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने दीड हजार रोपांच्या ताटव्यात वेगळी दिसणारी चार रोपे खपवून घेतली जातात. पाचवे दिसले की वाण नापास. हा चारचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

युरोपात या कसोट्या मालकीपुरत्या राहिल्या नाहीत. १९७० सालच्या निर्देशांनी सामाईक वाणसूची आली आणि सूचीत नसलेल्या वाणाचे बी विकण्यास मनाई झाली. यात एक विसंगती आहे. गहू-बटाट्यासारख्या शेतपिकांना उत्पादन आणि उपयोग यांचीही परीक्षा द्यावी लागे. भाजीपाल्याला ती नव्हती. म्हणजे टोमॅटो किंवा वाटाणा बाजारात येण्यासाठी वेगळा, एकसारखा आणि स्थिर असला की झाले. चवीला गुण नव्हते. परसबागेतली जुनी वाणे एकसारखी नव्हती, शिवाय सूचीत नाव राखण्याचा खर्च उचलणारा धनी त्यांना नव्हता. ती गळाली. ब्रिटनमध्ये लॉरेन्स हिल्स यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. विकता येत नाही, तर सभासदांना वाटायचे, अशी वाट तिथल्या बीजसंग्रहाने काढली. २००९मध्ये युरोपीय संघाने अशा भाज्यांसाठी सवलतीचे दार उघडले, तेही ‘व्यापारी उत्पादनाच्या दृष्टीने स्वतःचे मूल्य नसलेली’ अशा वर्णनाखाली. ज्या भाजीवर पिढ्या जेवल्या, तिला दप्तराने दिलेले हे प्रशस्तिपत्र!

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी घडली. १९६६च्या बियाणे कायद्याने बीजविक्री अधिसूचित वाणांपुरती बांधली नाही. पण प्रमाणीकरण मात्र अधिसूचित वाणाचेच होऊ शकते. पैदासकार बियाण्याला पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. बाकीचे ‘सत्यप्रत’, त्याला हिरवट. अधिसूचनेसाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतून किंवा राज्यांच्या चाचण्यांतून वेगवेगळ्या ठिकाणी, काही हंगाम, प्रचलित वाणाशी तुलना करून उतरावे लागते. या साखळीत शिरण्यासाठी संस्था लागते, नोंदवह्या लागतात, सांकेतिक क्रमांक लागतो. एकट्या शेतकऱ्याला तिथे वाट नव्हती.

असा एकटा शेतकरी म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड; पण मराठवाड्यातले नव्हे, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातले. शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबलेले, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढल्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यांतून पुन्हा निवडल्या. दाणा बारीक, भात चवीला चांगला, उत्पादनही अधिक. गावात ते बी पसरले. बाजारात गेल्यावर व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ म्हटले आणि तेच नाव रुळले. १९९४मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या केंद्राने प्रयोगासाठी पाच किलो बी नेले. १९९८मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. त्यानंतर श्रेयाचा वाद उभा राहिला, तो ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन होईपर्यंत मिटला नव्हता.

या वादात विद्यापीठाच्या बाजूने असे सांगितले जाई की, मिळालेले बी मिश्र होते, निवडीने त्यातून शुद्ध वाण काढले गेले. मला इथे कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. शुद्धीकरण हे खरे आणि कष्टाचे काम आहे. प्रश्न एवढाच, की तीन लोंब्या ओळखणे आणि पुढे भेसळीची रोपे काढून टाकणे, यांतले वाण ‘निर्माण’ करणारे काम कोणते? नीट पाहिले, तर दादाजी दरवर्षी लोंब्या निवडून तेच करत होते. योहान्सनची पद्धत त्यांना नावाने ठाऊक नसेल, हाताला ठाऊक होती. फरक होता तो दप्तराचा : आखलेला ताटवा, मोजलेली रोपे, तारखा, सही. एकसारखेपणाची कसोटी रोपांची असते तशीच ती कागदांचीही असते, आणि दीड एकरात रोपे मावतात, कागद मावत नाहीत.

२००१ साली भारताने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. युपोव्हच्याच कसोट्या घेतल्या, पण त्यात आपली भर घातली. ‘शेतकऱ्यांचे वाण’ हा स्वतंत्र वर्ग आला. त्याच्या नोंदणीला शुल्क नाही. नोंदलेल्या वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा, एवढेच नव्हे तर छाप न लावता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क कायम ठेवला. नोंदणीची परीक्षा मात्र आहेच. भाताची घेतली, तर राष्ट्रीय मार्गदर्शिकेत ६२ लक्षणे आहेत : पानाच्या तळाचा रंग, स्त्रीकेसराग्राचा रंग, लोंबी बाहेर पडण्याचा काळ, कुसळे, दाण्याची लांबी, सुवास. प्रत्येकाला अंकांची श्रेणी आहे.

आणि याच कायद्याखालच्या विनियमांत एक लहानशी तरतूद आहे. शेतकऱ्याच्या वाणात वेगळी दिसणारी रोपे, इतर वाणांना मुभा असते त्याच्या दुपटीपर्यंत चालतील. म्हणजे वरच्या हिशेबात चारऐवजी आठ. ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ माणसे ठरवतात म्हटले, तो बदलताही येतो, याचा हा पुरावा. अर्थात दुप्पट हे फार थोडे आहे. अनेक वंशांचे खरेखुरे मिश्रण असलेले पारंपरिक धान किंवा परसातला वाल आठ रोपांच्या मुभेत बसणार नाही. त्याची नोंद हवी असेल, तर आधी त्याला निवडून निवडून एकसारखे करावे लागेल, म्हणजे ज्यासाठी जपले तेच काढून टाकावे लागेल.

मोजपट्टीच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. खरिपाच्या तोंडावर पिशवी फोडून पेरणारा आणि पंधरा दिवसांनी न उगवलेल्या तासांकडे पाहणारा शेतकरी १८६९च्या इंग्रज शेतकऱ्याहून वेगळा नाही. विकत घेतलेल्या बियाण्यातून पिशवीवर लिहिलेलेच यावे, ही मागणी त्याच्या जगण्याची आहे. पण विकलेल्या मालाची हमी हा एक प्रश्न, आणि वाण कोणाच्या नजरेतून आले याची नोंद हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रोपे मोजून मिळते. दुसऱ्यासाठी बी कुठल्या गावातून, कोणाच्या हातून, कोणत्या साली आले, हे लिहून ठेवणे पुरते. १९९४ साली सिंदेवाहीला गेलेल्या त्या पाच किलोंसोबत वाणाच्या जन्मदाखल्यात कायम राहणारी अशी एक ओळ गेली असती, तर बराचसा वाद उद्‌भवलाच नसता. त्या ओळीसाठी ना ताटवा लागतो ना संख्याशास्त्र. ती लिहिण्याची सक्ती प्रत्येक बीजसंकलकावर करणे आजही सहज शक्य आहे.