चाकरमान्याचे दुखणे

धनत्रयोदशीला आपण धन आणि धन्वंतरी या दोघांची पूजा एकाच दिवशी करतो. पूर्वजांनी ही सांगड जाणून घातली की योगायोगाने पडली, कोण जाणे. पण ती खरी आहे. गरिबाच्या घरी दुखणे एकटे येत नाही, मागोमाग सावकारही येतो. हा खर्च सोसायचा कोणी, याचा निर्णय अमेरिकेने आणि मुंबईने साधारण एकाच काळात केला. मुंबईच्या निर्णयाशी मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडील हजारो घरांचे नशीब बांधलेले होते.

अमेरिकेत हे ठरवून झाले नाही. 1942 साली, ऐन महायुद्धात, तेथील सरकारने पगारवाढीवर बंधन घातले. कामगार तर हवेत आणि पगार वाढवता येत नाही! तेव्हा कारखानदारांनी आरोग्यविमा देऊ केला. 1954 च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त ठरवला आणि तात्पुरती युक्ती कायमची रूढी होऊन बसली. नोकरी असेल त्याला विमा! वृद्ध आणि गरीब उरले, म्हणून 1965 साली अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर व मेडिकेड या सरकारी योजना आणल्या. मधली माणसे तरीही उरली, म्हणून 2010 साली ओबामांना आणखी एक कायदा करावा लागला. 1960 साली तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर शंभरातले पाच आरोग्यावर खर्च करी. 2023 साली तोच आकडा 17.6 झाला. एवढे करूनही दोन कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून राहिलीच.

आपल्याकडे 1943 साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. 1944 साली त्यांचा अहवाल आला, 1948 साली कामगार राज्य विमा कायदा झाला, 1952 साली कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली आणि 1954 साली मुंबईत आली. काही हप्ता कामगाराचा, काही मालकाचा. बदल्यात दवाखाना, औषध आणि आजारपणात पगाराचा काही भाग. परळ-लालबागच्या दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या चाकरमान्याला हा आधार लहान नव्हता.

पण गिरणी मुंबईत, म्हणून दवाखानाही मुंबईत. त्याची म्हातारी आई आणि बायकामुले कोकणात. त्यांच्या वाट्याला विमा नव्हे, मनीऑर्डर येई. त्यातूनच तेलमीठ आणि त्यातूनच डॉक्टरची फी.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, 18 जानेवारी 1982 रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या पुढे कायमच्या गेल्या. नोकरीबरोबर पगार गेला हे सर्वांना दिसले. विमाही गेला, हे मात्र पहिले मोठे आजारपण येईपर्यंत कित्येकांच्या ध्यानी आले नसेल. औषधाचा हक्क कामाला बांधला, की काम सुटताच हक्कही सुटतो.

पुढे वारे फिरले. 2012 साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना आली. 2017 पासून ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तिचा आधार नोकरी हा नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 साली शंभरात 64 होता, तो 2021-22 साली 39 वर आला.

तरी कार्ड म्हणजे डॉक्टर नव्हे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, तरी दुखणे बळावले की गाडी बांबोळीची नाहीतर कोल्हापूरची वाट धरते. 2018 च्या जानेवारीत गोव्याने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे खळबळ उडाली ती उगीच नव्हे. शेजाऱ्याच्या विहिरीवर किती दिवस पाणी भरायचे?

अमेरिकेकडे पैसा उदंड आहे, आपल्याकडे बेताचा. पण दोघांनाही काळाने शिकवलेला धडा एकच. औषधाचा हक्क गिरणीच्या भोंग्याला बांधू नये, माणसाला बांधावा. आणि तो बजावण्याची जागा त्याच्या गावापासून फार दूर नसावी.