चिरा, चुना आणि पाणी

आगीने घर जळते ते घटकेत. पाण्याने घर पडते ते वर्षानुवर्षे, आणि बहुधा कोणाच्या लक्षात न येता. गोमंतकातील देवालयांचा इतिहास सांगताना या मंद शत्रूचा उल्लेख आम्ही सहसा करीत नाही.

१५६० साली श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला. पुढे अठराव्या शतकात, शाहू छत्रपतींच्या काळी, कवळे येथे श्रीशांतादुर्गेचे विद्यमान देवालय उभे राहिले. या भूमीत बांधकामास मुख्यतः मिळतो तो जांभा दगड, म्हणजेच आपला चिरा. १८०७ साली बुकानन या संशोधकाने मलबारात पाहून त्यास लॅटिनमधील ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. खाणीत तो मऊ असतो व उघड्या हवेत कठीण होतो; परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या पाषाणाचे असल्याने त्यास गिलाव्याची गरज पडली नाही. चिऱ्याचे तसे नाही.

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी चिऱ्यावर चुन्याचा गिलावा चढविला व त्यास वेळोवेळी सफेती दिली. चुना पावसाचा मारा झेलतो, आणि आत शिरलेली ओल उन्हाळ्यात बाहेरही सोडतो.

हे आवरण काढल्यास काय होते, याचे उदाहरण जुन्या गोव्यातच आहे. १६०५ साली अभिषिक्त झालेल्या बॉम जेझुस चर्चचा बाह्य गिलावा १९५० च्या दशकात काढण्यात आला. पुढे उघड्या चिऱ्याची झीज होऊ लागली आणि गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर जाणत्यांत वाद झाला.

आपल्या देवालयांत याच्या उलट प्रमाद घडतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात चुना खरवडून सिमेंट थापले जाते. सिमेंट कठीण खरे, पण त्यास बारीक भेगा पडतात. त्यांतून शिरलेले पाणी, तसेच जोत्यातून वर चढलेली ओल, आतच कोंडते. पाण्यातील क्षार भिंतीत साचून त्यांचे स्फटिक होतात; लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि अखेर चिऱ्याचीच भुकटी होते. वरून रंग दिल्याने हा रोग झाकतो, बरा होत नाही.

यास्तव आमची देवस्थान समित्यांस नम्र विनंती आहे की, भिंतीस हात लावण्यापूर्वी पाणी कोठून येते ते पाहावे. कौल फुटले आहे काय, पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचते काय, अभिषेकाचे पाणी वाहून नेणारे गोमुख तुंबले आहे काय, याचा शोध मृगापूर्वीच घ्यावा. भिंत सुकू द्यावी, आणि मगच जाणत्या गवंड्याकडून चुन्याचा गिलावा करून घ्यावा.

मूर्तीचे स्थलांतर करून ज्यांनी देव राखला, त्यांच्या वंशजांस त्याची भिंत राखणे जड जाऊ नये.