घोरपड

घोरपड (शास्त्रीय नाव: व्हॅरॅनस बेंगॉलेन्सिस) हा व्हॅरॅनिडी कुलातील मोठा सरडावर्गीय प्राणी आहे. महाराष्ट्रात तो रानात, माळावर व शेताच्या बांधावर आढळतो. भारतात घोरपडींच्या चार जाती आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी पाणघोरपड सुंदरबन, ओडिशाचा किनारा, ईशान्य भारत व अंदमान-निकोबार येथे राहते. महाराष्ट्रात ती नाही.

वर्णन

पूर्ण वाढलेल्या घोरपडीची शेपटीसह लांबी सुमारे पावणेदोन मीटरपर्यंत भरते. त्यात शेपटीचाच भाग अधिक असतो. रंग करडा किंवा तपकिरी असून पिल्लांच्या अंगावर ठिपके व पट्टे ठळक दिसतात. जीभ सापासारखी दुभंगलेली असते व गंध घेण्यासाठी ती सतत बाहेर येते.

अधिवास आणि आहार

घोरपड दिनचर असून बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत राहते. ती झाडावर चढते आणि उत्तम पोहते. त्यामुळे कोल्हापूरजवळील कळंबा तलावासारख्या जलाशयांचे झाडीचे काठ तिला मानवतात. कीटक, विंचू, गोगलगाई, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी व मृत प्राणी हे तिचे खाद्य होय. मादी जमिनीत किंवा वारुळात सुमारे वीस अंडी घालते. पिल्ले बाहेर येण्यास सहा ते नऊ महिने लागतात.

इतिहास आणि लोकपरंपरा

कपारीत शिरलेली घोरपड अंग फुगवून व नख्या रोवून बसते. तिला ओढून काढणे कठीण जाते. या चिवटपणावरूनच तिच्या कथा रूढ झाल्या असाव्यात. घोरपडीच्या साहाय्याने खेळणा (विशाळगड) सर केल्यामुळे घोरपडे हे आडनाव मिळाले, अशी मुधोळच्या घराण्याची परंपरा सांगते. 1670 मधील सिंहगडाच्या लढाईतील ‘यशवंती’ घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे सर्वतोमुखी झाली; सभासद बखरीत मात्र तिचा उल्लेख नाही.

धोके आणि संरक्षण

मांस, कातडे व तेल यांसाठी घोरपडीची शिकार होते. दिमडी या वाद्याला पूर्वी तिचेच कातडे मढवीत. तेलाने सांधेदुखी बरी होते, या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही. ‘हत्ता जोडी’ या नावाने वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात बहुधा नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. धनलाभाच्या आशेने ती देवघरात ठेवणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. पिल्ले विषारी समजून मारली जातात. वास्तविक घोरपडीला सापासारखे विषदंत नसतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश आहे. तिला मारणे, पाळणे अथवा तिच्या अवयवांचा व्यापार करणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. आंतरराष्ट्रीय व्यापारासही सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टान्वये बंदी आहे. घरात किंवा विहिरीत घोरपड आढळल्यास तिला न मारता वन विभागास कळविणे योग्य ठरते.