घोड्याच्या पायाखालचं अक्षर

आमच्या खारदांड्यात जुन्या बायकांच्या गळ्यात अजून पुतळ्यांची माळ दिसते. ही पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिसची मोहर. तिच्यावर संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख. आपल्याकडे त्यात राम-सीता दिसले आणि मोहर माळेत ओवली गेली! पण आज लिहायचंय ते आपल्या मुंबईतच पाडलेल्या सोन्याच्या नाण्यांबद्दल. आमच्या घरातल्यांनी तर हे जरूर वाचावं, कारण पुढे सांगते.

पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्रजांची खरेदी हिंदुस्थानातून जोरात, आणि लोकांना पैसे हवेत ते चांदीच्या रुपयांत, खणखणीत. कागदावर विश्वास कोण ठेवणार? त्यात चांदी इतकी महागली की रुपया चालवण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं होऊ लागलं. सरकारने 1917 च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही काढली. (अडीचची नोट! वर्गात सांगितलं की मुलं हसायची.) शेवटी 1918 मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इकडे आली, तेव्हा निभावलं.

तोवर सोन्याचा आधार घेतला गेला. जून 1917 च्या वटहुकुमाने, देशात येणारं सोनं सरकारला विकणं बंधनकारक झालं होतं. त्याची नाणी फोर्टातल्या टांकसाळीत पाडायची ठरली. पण सॉव्हरिन, म्हणजे आपली गिनी, हे लंडनच्या राजटांकसाळीचं नाणं. ते पाडायचं तर तिची शाखा मुंबईत हवी. ती तयार होईपर्यंत त्याच वजनाची आणि त्याच कसाची 15 रुपयांची मोहर पाडली. मग ऑगस्ट 1918 मध्ये शाखा सुरू झाली, गिन्न्या निघाल्या आणि 1919 मध्ये शाखा बंदही झाली. मोहरा सुमारे 21 लाख, गिन्न्या सुमारे 13 लाख. एवढाच संसार.

आता आमच्या भाच्याला परदेशातल्या टांकसाळींची 'फक्त इतकीच पाडली' अशी प्रमाणपत्रं असलेली सोन्याची स्मारक नाणी जमवायचा नाद आहे. डबीतून काढायची नाहीत, हात लावायचा नाही. असू दे, ज्याची त्याची हौस. पण मला ती नाणी जन्मतःच म्हातारी वाटतात. त्यांची दुर्मिळता विक्रीच्या आधीच ठरलेली असते. आमच्या 1918 च्या नाण्यांची सोनाराच्या मुशीने ठरवली. गिनीला नाकं डकवून माळेत घालायची आणि अडचण आली की मोडायची, हीच आपली बँक. त्यात 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. घरात सोन्याची नाणी बाळगायची लोकांना धास्ती, म्हणून दागिने करून घेतले गेले. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला, पण वितळलेलं नाणं थोडंच परत येतं?

आमच्या सासूबाईंच्या माळेतल्या तीन गिन्न्या सध्या धाकट्या जाऊबाईंकडे आहेत. लग्नसराई आलीय, नातीसाठी त्या मोडून पाटल्या करायचं चाललंय. माझी त्याला हरकत नाही, सोनं त्यासाठीच असतं. पण जाऊबाई, सोनाराकडे जाण्याआधी भिंग घ्या. राजाची बाजू सोडा, घोडेस्वाराची बाजू बघा. खाली 1918 साल आहे का? असेल तर त्याच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीत, मधोमध, इंग्रजी 'आय' हे अक्षर शोधा. तो 'आय' इंडियाचा. पर्थची असेल तर 'पी', सिडनीची 'एस'.

वजन सगळ्यांचं सारखंच, 7.98 ग्रॅम, 22 कॅरट. ('गिनी सोनं' हा शब्द तिथलाच.) त्यामुळे सोनाराचा काटा मुंबईची गिनी आणि लंडनची गिनी यांत भेद करणार नाही. नाक्याच्या डागामुळे जमवणारे भाव पाडतील हेही खरं. तरी 'आय' निघाला, तर ती एक बाजूला ठेवा आणि उरलेल्या दोन मोडा. पाटल्यांचं वजन कमी भरेल, तेवढं सोनं माझ्याकडून घ्या.